सीनाकाठच्या झाडांचा जमाखर्च

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि गेली वीस वर्षे एका कचेरीत जमाखर्च लिहीत आलो. तेव्हा नदीकाठच्या झाडांविषयी लिहिण्याचा आम्हाला अधिकार काय, असे वाचक बंधू-भगिनींनी विचारले तर ते रास्तच होईल. आमचा अधिकार एवढाच, की आम्ही झाडे लावली, मारली आणि त्यातली थोडी जगवली. ज्याने तोटा सोसला त्याने हिशेब मांडायला हरकत नसावी.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या काठी. सीना अहिल्यानगरजवळ उगम पावते आणि हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. सगळा मुलूख अवर्षणाचा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जून-जुलैत हुलकावणी देऊन सप्टेंबरात एकदम कोसळणारा. अशा मुलखात नदीकाठ ही एकच हिरवी रेघ असते. आमच्या लहानपणी ती होती. करंजांची रांग होती, दोन मोठी उंबरे होती, डोहाच्या वर जांभळी वाकलेल्या होत्या. बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. त्यामुळे बाकी गावाला नदी दिसायची आणि आम्हाला ती ऐकू यायची.

ही रेघ कोणी पुसली? एकट्याचे नाव घेता येणार नाही. काही करंज वीटभट्टीत गेले. ऊस आला तसे शेताचे बांध पुढे सरकत थेट दरडीच्या काठापर्यंत आले. पाण्याच्या मोटारी बसल्या. मग वाळू निघू लागली. वाळू गेली की पात्र खाली जाते आणि पात्र खाली गेले की काठाच्या जमिनीतले पाणीही त्याच्या मागोमाग खाली उतरते. उंबर जागच्या जागी उभे राहून शेंड्याकडून वाळत गेले. त्याला कोणी कुऱ्हाड लावली नव्हती. लोक म्हणाले, झाड म्हातारे झाले. झाड म्हातारे झाले नव्हते, त्याच्या पायाखालचे पाणी काढून घेतले होते. उरलेल्या जागेत वेडी बाभूळ शिरली.

वाळू भरायला जाणारे मजूर आमच्याच वस्तीतले होते, हेही लिहिले पाहिजे. पाटीमागे मिळणाऱ्या पैशावर घरे चालत होती. पैसा ज्यांनी मिळवला ते वेगळे, आणि विहीर आटल्यावर हंडा घेऊन लांब चालावे लागले त्या मात्र आमच्या आया-बहिणी.

चैतातली रोपे

२०१७ सालच्या १४ एप्रिलला आमच्या मंडळाने ठरवले की जयंतीची मिरवणूक तर दरवर्षी निघते, यंदा नदीकाठी शंभर झाडे लावू. रोपे फुकट मिळाली. गुलमोहर, निलगिरी, थोडा सुबाभूळ. आम्ही निळ्या टोप्या घालून खड्डे खणले, रोपे लावली, फोटो काढले. आमची थोरली आत्या डोक्यावर पदर ओढून बांधावर उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आरं लेकरांनू, चैताच्या उन्हात म्हस बी डबक्यातनं उठत न्हाई, आन् तुमी रोपं लावताय व्हय?"

आम्ही हसलो. शिकलेल्या माणसाची ही एक खोड असते. मे महिन्याच्या अखेरीस शंभरातले एकही रोप हिरवे नव्हते. फोटो मात्र अजून विहारात लावलेला आहे. तो काढा म्हणून आम्ही दोनदा सांगितले, कार्यकर्ते ऐकत नाहीत.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आले. वर्षावास सुरू होतो त्या आषाढी पौर्णिमेला रोपे लावली. आता पाणी जवळ हवे म्हणून थेट पात्राच्या कडेला, ओल्या वाळूत लावली. रोपे छान धरली. सप्टेंबरात पाणी आले आणि एका रात्रीत सगळी घेऊन गेले. तिसऱ्या वर्षी पुराला भिऊन वर दरडीवर लावली. तिथे पूर आला नाही, पण ओलही आली नाही, आणि जी जगली ती शेळ्यांनी खाल्ली.

अशी तीन वर्षे खर्ची पडल्यावर आमचा पुतण्या मदतीला आला. तो कृषी महाविद्यालयात शिकतो. म्हणाला, "काका, नदीचा काठ म्हणजे एक जागा नाही. तो जिना आहे. प्रत्येक पायरीचं झाड वेगळं."

त्याने आम्हाला नदीवर नेऊन पायऱ्या दाखवल्या. अगदी पाण्यालगत, जिथे पूर दरवर्षी अंगावरून जातो, तिथे खोड असलेले झाड उभेच करू नये. तिथे वाळा, लव्हाळा यांचे राज्य. वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. खडकाळ पात्र असेल तर शेरणी, जी पुरात पूर्ण बुडून आडवी होते आणि पाणी ओसरले की पुन्हा उठते. त्याच्या वरच्या उतारावर निरगुडी आणि वाळुंज. ही लवचीक झुडपे पाण्याचा वेग मारतात. वेग मेला की पाण्यातला गाळ तिथेच खाली बसतो, आणि त्या गाळावर पुढच्या वर्षी आणखी काही रुजते. दरडीच्या माथ्यावर, जिथे मुळाला खाली ओल सापडेल तिथे, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा. आणि त्याच्याही मागे कोरडवाहू माणसे: गावठी बाभूळ, लिंब, बोर.

आम्ही पहिल्या वर्षी काय केले होते? निलगिरी आणि गुलमोहर, म्हणजे या जिन्याशी ज्यांचा कधी संबंध आला नाही ते पाहुणे, भर उन्हात मधल्या पायरीवर बसवले होते.

आपल्यासारखीच दुसरी एक नदी

पुतण्याकडून आम्ही कोलोरॅडो नदीची हकिकतही ऐकली. ती इथे सांगणे भाग आहे, कारण आमची चूक मोठ्या प्रमाणावर केली आणि मग सुधारायला घेतली असा हा दाखला आहे. ही नदी अमेरिकेच्या डोंगरात उगम पावते, सुमारे २३३० किलोमीटर वाळवंटी मुलखातून वाहते आणि मेक्सिकोत समुद्राला मिळते. मिळायची, असे म्हटले पाहिजे. तिच्यावर हूव्हर धरण झाले, १९५० साली सीमेवर मोरेलोस बंधारा झाला, १९६३ पासून ग्लेन कॅन्यन धरण भरू लागले. पाणी शहरांना आणि शेतांना गेले. साठच्या दशकापासून ही नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचेनाशी झाली. मुखाजवळ विलो आणि कॉटनवुडची दाट राने होती, ती वाळली. विलो म्हणजे आपल्या वाळुंजीची भावकी. कॉटनवुडचे बी सावरीसारखे कापूस होऊन उडते.

या झाडांची एक गंमत आहे. त्यांचे बी फार दिवस टिकत नाही. पूर ओसरू लागतो त्याच सुमारास ते सुटते आणि उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर पडले तर रुजते. मग रोपाचे मूळ खाली उतरणाऱ्या पाण्याचा पाठलाग करते. पाणी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर खाली गेले तर मूळ त्याला गाठते. त्याहून भरभर गेले तर रोप मरते. म्हणजे झाडाला नुसते पाणी पुरत नाही. पाणी कोणत्या महिन्यात आले आणि कोणत्या चालीने गेले, त्यावर त्याचे जगणे. धरणाच्या दारातून एकदम सोडलेले आणि एकदम बंद केलेले पाणी या हिशेबात बसत नाही. आपल्याकडे उजनीचे पाणी बोगद्यातून सीनेत सोडतात ते असेच. बंधारे भरतात, मोटारी चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण रुजणाऱ्या बियाला विचारून ते कोणी सोडत नाही.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात २०१२ साली करार झाला, आणि २३ मार्च २०१४ ला मोरेलोस बंधाऱ्याची दारे केवळ नदीसाठी उघडली. आठ आठवडे मिळून तेरा कोटी घनमीटर पाणी सोडले. आपल्या भाषेत सुमारे साडेचार टीएमसी. उजनी पूर्ण भरली तर ११७ टीएमसी पाणी मावते, त्यावरून वाचकांनी अंदाज करावा. कोलोरॅडोच्या वर्षभराच्या पाण्याचा हा शंभरावा हिस्साही नव्हता. ज्या पोरांनी जन्मात नदी पाहिली नव्हती ती त्या पाण्यात खेळली. मे महिन्यात ते पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन भिडले.

आता खरा मुद्दा. त्या पाण्यातले बरेचसे वरच्या कोरड्या वाळूनेच पिऊन टाकले. त्या वर्षी काठ हिरवा झाला आणि नंतर पुन्हा उतरला. टिकाव कुठे लागला? जिथे आधीच जमीन तयार केली होती, नको ती झुडपे काढली होती, फांद्यांची कलमे लावून त्यांना पाटाने पाणी देत होते, आणि ज्या कामावर आसपासच्या गावांतली माणसे मजुरीने होती, तिथे. पुढे २०२१ साली पुन्हा पाणी सोडले तेव्हा ते कोरड्या पात्रातून न नेता शेतीच्या कालव्यांतून थेट त्या जागांवर पोचवले. मे ते ऑक्टोबर असे बेताबेताने सोडले. सुमारे दीड टीएमसी, म्हणजे पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाने. आम्हा हिशेबाच्या माणसाला ही दुसरी नोंद पहिलीपेक्षा अधिक आवडली.

त्याच नदीच्या मुखाशी कुकापा नावाचे मूळचे लोक राहतात. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. नदी आटली तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. मग १९९३ साली मुखाचा प्रदेश निसर्गरक्षणासाठी राखीव झाला आणि त्यांच्याच मासेमारीवर बंधने आली. नदी नासवली दुसऱ्यांनी, रक्षणाचा भुर्दंड यांना. हे ऐकले आणि आम्हाला आमच्या वस्तीतल्या शेळ्या आठवल्या.

शेळी आणि वेडी बाभूळ

चौथ्या वर्षी काम सुरू करण्याआधी आम्ही विहारात बैठक बोलावली आणि जाहीर केले की नदीकाठी शेळ्या बंद. बैठक जवळजवळ मोडली. एक ताई उभी राहिली. तिला जमीन नाही, दोन शेळ्या आहेत. म्हणाली, "दादा, बोकड इकून पोरीची फी भरली म्या. तुमच्या झाडानं आजवर काय दिलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तीन वर्षांचा आमचा ताळेबंद तर निव्वळ तोट्याचा होता.

शेळीबंदीचे सोडून आम्ही मग वेडी बाभूळ काढण्याचा विषय घेतला, तर बायका आणखी चिडल्या. कारण चुलीचे सरपण तिचेच. गॅसची टाकी घरात असली तरी ती भरायला पैसे लागतात. काहीजण तिचा कोळसाही पाडतात.

या वेड्या बाभळीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. ही मूळची अमेरिका खंडाची. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आणली, रखरखीत जमीन झाकायला आणि सरपणाला म्हणून. गुरे शेंगा खातात आणि शेणातून बी पेरत जातात. वरून तोडली तर बुडातून दुपटीने फुटते. मुळे किती खोल जावीत? तिच्या एका जातभाईची मुळे अमेरिकेत अॅरिझोनातल्या एका खाणीत जमिनीखाली ५३ मीटरवर सापडल्याची नोंद आहे. आणि गंमत अशी की ही भावकी तिकडे काठाची मानाची झाडे आहेत. कोलोरॅडोच्या काठी ती मुद्दाम लावतात. तिकडे उपद्रवी झाले ते आपल्या आशियाकडचे झाऊ. दरड धरून ठेवील म्हणून एकोणिसाव्या शतकात तिकडे नेले आणि त्याने नद्यांचे काठच्या काठ व्यापले. झाड वाईट नसते म्हणावे, तर दोन्हीकडे शिव्या खाते. ज्या नदीने त्याला वाढवले ती सोडून दुसरीकडे नेले की ते असे वागते.

झाऊ मारण्यासाठी अमेरिकेत २००१ पासून आशियातले पान खाणारे भुंगेरे सोडले. झाऊ वाळू लागले. पण विलोची राने गेल्यामुळे नामशेष होऊ घातलेला एक लहान पक्षी त्याच झाऊवर घरटी करीत होता. त्याचे घर जाऊ लागले, तेव्हा २०१० साली तिथल्या सरकारला भुंगेरे सोडणे थांबवावे लागले. दुसरे झाड उभे करण्याआधी पहिले पाडले की त्याच्यावर जगणारा उघडा पडतो. तिकडे पक्षी, इकडे आमची ताई.

म्हणून आम्ही बेत बदलला. काठाचे दोन भाग केले. वरच्या अंगाचा भाग तीन पावसाळे चराईला बंद, खालचा खुला. बंद भागातली वेडी बाभूळ एकदम न काढता पट्ट्यापट्ट्याने, बुडखा खणून काढायची. लाकूड बायकांनी न्यायचे, आणि काटेरी फांद्यांचे कुंपण त्याच पट्ट्याला घालायचे. वेड्या बाभळीच्याच काट्यांनी करंजाची राखण केली, यापेक्षा स्वस्त कुंपण आम्हाला माहीत नाही. निरगुडीला कुंपणाची गरज पडली नाही. शेळी तिला तोंड लावत नाही.

इथे आमच्या बी.कॉम.चा पहिल्यांदा उपयोग झाला. आम्ही ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा लिहिला. त्यात स्पष्ट घातले की नदीकाठची जागा सार्वजनिक आहे, पण लावलेल्या झाडांच्या शेंगा, फळे, पाला आणि छाटणीचे लाकूड दहा वर्षे राखण करणाऱ्या बचत गटाचे. मसुद्यावर वाद झाला. ज्यांचा ऊस काठापर्यंत आला होता त्यांना तो पटला नाही, आणि एकाने तर ही जागा आपल्या उताऱ्यावर आहे असे सांगितले. उतारा मागवला. जागा उताऱ्यावर नव्हती. ठराव दोन ग्रामसभा लांबला आणि तिसऱ्या सभेत पास झाला. झाडे लावण्यापेक्षा हा कागद मिळवायला आम्हाला जास्त घाम आला, आणि आमच्या मते काठावर आज जे उभे आहे ते या कागदामुळे उभे आहे.

लावणीची रीत आत्याने सांगितली. निरगुडीची रोपवाटिका करावी लागत नाही. पाऊस सुरू झाला की अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठ्या तोडायच्या आणि खालचा तिरका छेद ठेवून जमिनीत ठोकायच्या. वाळुंजीची काठी याहून लांब, पुरुषभर. पहारेने भोक पाडत जायचे, ओली वाळू लागेपर्यंत. काठीचा दोनतृतीयांश भाग जमिनीखाली गेला पाहिजे. वर हातभर दिसली तरी पुरे. पाऊस महिनाभर रुसला तरी तिचा पाय ओलीत असतो. कोलोरॅडोच्या काठीही फांद्या अशाच खोल लावतात, हे पुतण्याने सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग त्यास्नी कुणी शिकिवलं?" करंज आणि जांभूळ मात्र बियांपासून केले. पिशवीत एक पावसाळा वाढवून दुसऱ्या पावसाळ्यात लावले. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक हंडा पाणी द्यावे लागले. त्या फेऱ्या कोणी घातल्या हे सांगायला नको.

निरगुडी तिसऱ्या वर्षी कापायला आली. पाला गुडघ्याला शेकायला घरोघर गेला, काठ्यांच्या दोन कणग्या विणल्या गेल्या. शेळीवाल्या ताईने बंद भागाची राखण अंगावर घेतली. आमच्यापेक्षा तिचा डोळा तिखट, कोणाची शेळी कुठे घुसते हे तिला आधीच कळते.

सप्टेंबर २०२५

आणि मग तो पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांत काय केले ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. कित्येक गावांत पाणी शिरले, जनावरे गेली, शेतातली माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला. आमच्या वस्तीतली माणसे दोन रात्री शाळेत होती. पाणी उतरल्यावर आम्ही एसटी सुरू होताच गावी गेलो. घरे आधी पाहिली. झाडांकडे चौथ्या दिवशी गेलो, तेही आत्याने ओढून नेले म्हणून.

झाडांनी पूर अडवला असे आम्ही लिहिणार नाही. एवढ्या पाण्यापुढे पाच वर्षांच्या झुडपांची काय कथा. करंजाची निम्मी रोपे गेली होती. जांभळी तर तीनच उरल्या. कुंपणाचा मागमूस नव्हता. ज्या शेतकऱ्याचा ऊस थेट दरडीपर्यंत होता त्याची दरड आतपर्यंत ढासळली होती आणि उसासकट माती नदीत गेली होती. आमच्या बंद भागात निरगुडी सगळी खालच्या दिशेला झोपली होती, अंगावर प्लॅस्टिक, कडबा, एक कोणाची तरी चप्पल. पण मुळे जाग्यावर होती. आणि तिच्या मागे वीतभर गाळ साचला होता, काळा, मऊ. शेजारच्या उघड्या दरडीवर असा गाळ नव्हता, नुसते दगड होते.

जानेवारीत आम्ही वही घेऊन मोजणी केली. निरगुडी आणि वाळुंज मिळून बहुतेक सगळी फुटली होती. त्या गाळात आम्ही न लावलेली करंजाची रोपेही उगवलेली दिसली. वरून कुठून तरी पाण्याबरोबर शेंगा आल्या असाव्यात. वेड्या बाभळीचीही तितकीच उगवली होती, ती लहान आहेत तोवर उपटायला ताईने पोरांना लावले आहे. दरड गेलेला तो शेतकरी एके दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आला. ठरावाला विरोध करणाऱ्यांत तो होता. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला, आणि उठता उठता म्हणाला की निरगुडीच्या काठ्या त्याला मिळतील का, आणि किती पैसे पडतील.

आत्याने आमच्या आधीच उत्तर दिले. "पैशाचं गटातल्या बायास्नी इचारा. काठ्या आकाडात मिळतील. येताना पहार घिऊन या, आमची पुरात गेली."